तासगावकडची सोंड

नाथाजी आणि पीरमहंमद एकाच पलटणीतले सिग्नलवाले. आरशानं ऊन फेकायचं, लांब-आखूड झगमगीतून अक्षरं पाठवायची, हे दोघांचं लढाईतलं काम. शेहेचाळीस साली ते पलूसला परतले. इटलीत गोळी लागून नाथाजीचा डावा गुडघा कायमचा आखडला होता. नांगर धरणं जमेना, म्हणून तो गावाच्या पूर्वेला डोंगरावर शेरडं राखू लागला. पीरमहंमदचा बाप गुळव्या होता. तोही साळूबाईंच्या गुऱ्हाळावर रस आटवायच्या काहिलीपाशी उभा राहिला.

डोंगरापासून गुऱ्हाळ कोसभर लांब. पण उन्हं कलली की दोघांचं बोलणं सुरू होई. नाथाजीच्या समोर सूर्य असे, त्याला एक आरसा पुरे. पीरमहंमदच्या पाठीशी सूर्य, म्हणून त्यानं लिंबाच्या बुंध्याला दोन आरसे बांधले होते. पलटणीत शिकलेल्या इंग्रजी अक्षरांत हिंदुस्थानी बोली चाले. बोलणं तरी काय? 'काळी शेळी व्याली.' 'गूळ झकास उतरला.' गडी हसत. "लढाई सरली तरी ह्यांचा खुळेपणा काय सरंना," म्हणत. साळूबाई मात्र कधी हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा अजून पलटणीतच होता.

पुढच्या वर्षी चैत्रात हंगामातला शेवटचा ऊस गाळायला घेतला होता. दुपार टळलेली. काहिलीखालचं चुलवाण धडधडत होतं, काहिलीतला रस निम्मा आटला होता. चरकाचे बैल गोल फिरत होते. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला.

डोंगरावर आरसा चमकला.

"ढग. तासगाव. इकडे."

वळीव येणार एवढंच, असं पीरमहंमदला वाटलं. त्यानं 'समजलं' कळवलं आणि पुन्हा रसावरची मळी काढू लागला. थोड्या वेळानं आरसा परत चमकला. या वेळी अक्षरं भराभर येत होती.

"सोंड. जमिनीला टेकली."

पीरमहंमदच्या हातातला झारा तसाच राहिला. इटलीच्या किनाऱ्यावर दोघांनी ती एकदा पाहिली होती. काळ्या ढगातून हत्तीची सोंड लोंबावी तसा भोवरा खाली आला होता आणि मासेमाराची होडी कागदासारखी वर गेली होती.

"कुठं?" त्यानं विचारलं.

नाथाजीनं उत्तर दिलं, ते पलटणीत शत्रूच्या गाड्यांची खबर देत तसं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा सोंड माळावरच्या देवळापाशी होती. आता सडकेच्या वडापाशी आहे. देवळापासून वडापर्यंत सात मिनिटं लागली. तोंड गुऱ्हाळाकडे. त्याच चालीनं आली तर वीस मिनिटं. आणि शेवटी एकच शब्द, तीनदा: "आग. आग. आग."

पीरमहंमदला अर्थ कळला. चुलवाणात लाल निखारा, भोवती चिपाडांचे ढीग, आणि पलीकडे पन्नास पावलांवर पाचटाच्या छपरांची वस्ती. भोवऱ्यानं तो निखारा उचलला तर काही उरणार नव्हतं.

तो साळूबाईंकडे धावला. "आक्का, चुलवाण इझवाय पायजे. तुफान येतंय. नाथाजीनं सांगितलंय."

साळूबाईंनी वर पाहिलं. तासगावची बाजू डोंगराआड होती. "आभाळ तर कोरडं हाय, पीरमहंमद. काहील निम्मी आटलीया. आता इझवली तर समदा रस नासंल."

"नासंल, आक्का. पर इटलीत ह्योच नाथाजी म्हनला हुता, 'इथनं हाला.' आमी हाललो. घडीभरानं तिथं तोफगोळा पडला. मी आज तुमच्यापुढं उभा हाय त्यो त्येच्यामुळं."

साळूबाईंनी काहिलीकडे पाहिलं, मग वस्तीकडे. तिथं त्यांची सून बनुबाई दारात तान्ह्याला तेल लावत बसली होती.

"इझव," त्या म्हणाल्या.

विहीर लांब होती. मोट जोडायला वेळ नव्हता. चरकाचा रस ज्या रांजणात साठे तोच गड्यांनी बादल्यांनी उपसला आणि चुलवाणात ओतला. गोड वाफेचा लोट उठला, डोळे झोंबले. वरून ओली माती लोटली. कुणी बैल सोडून हाकलले. साळूबाई दारोदार ओरडत गेल्या, "चुली इझवा! पोरं घ्या! वढ्यात चला!"

पीरमहंमदनं आरशांपाशी जाऊन कळवलं, "विझवली. तू खाली ये."

"पाय," नाथाजीनं उत्तर दिलं. मग, "दहा मिनिटं. अजून सरळ."

तेवढ्यात ढगाची कड सूर्यावर आली आणि आरसा मेला. डोंगरमाथ्यावर पांढरा पटका हलताना दिसला. नाथाजी उघड्यावर उभा राहून, डोक्याचा पटका हाती धरून खुणा करत होता: सरळ, सरळ, सरळ. मग पावसाचा पडदा आला आणि डोंगरच दिसेनासा झाला.

ओढ्याच्या घळीत सगळे पालथे पडले. मालगाडी डोक्यावरून जावी तसा आवाज झाला. कानात दडे बसले. गुऱ्हाळाचं छप्पर एकदम वर गेलं, चिपाडांचे ढीग फिरत फिरत आभाळात गेले, आणि त्यापाठोपाठ लिंबाएवढ्या गारा. साळूबाई बनुबाईच्या आणि तान्ह्याच्या अंगावर आडव्या पडल्या होत्या. मग आवाज नदीकडे सरकला आणि ऐकू येईनासा झाला.

साळूबाई उठल्या आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारू लागल्या. लहानथोर सत्तावीस माणसं. सत्ताविसांची ओ आली; तान्ह्याची बनुबाईनं दिली.

लोखंडी काहील उसाच्या फडात पालथी पडली होती. निम्म्या घरांचं पाचट उडालं होतं. पीरमहंमदनं चुलवाणात हात घातला. राख गार होती. त्यानं तिथंच चिखलात गुडघे टेकले, कपाळ टेकलं, आणि बराच वेळ वर उचललं नाही.

मग तो डोंगराकडे पळाला. मागून साळूबाई अनवाणी येत होत्या.

नाथाजी एका कपारीखाली सापडला, शेरडांना कवटाळून बसलेला. गारांनी डोकं फुटलं होतं, रक्त कानावरून ओघळत होतं. पीरमहंमदला बघताच त्यानं विचारलं, "समदी?"

"समदी हायती, गड्या. एक बी गेलं न्हाई."

हे ऐकल्यावर नाथाजीला रडू फुटलं. "पाय धड असता तर पळत आलो असतो रं. हितं उभं राहून नुसतं बघायचं, लय वंगाळ."

"तू बघितलंस म्हनून आमी हाय," पीरमहंमद म्हणाला.

साळूबाई त्याच्या पायाशी वाकल्या. नाथाजी दचकून मागं सरकला. "आवं आक्का, ह्ये काय? तुमी वडीलधाऱ्या. आन् काहील तर तुमी सोडली. तुमी आयकलं नसतं तर म्या हितनं काय केलं असतं?"

"मग मोठेपन तुजं बी न्हाई आन् माजं बी न्हाई," साळूबाई पदरानं त्याचं रक्त पुसत म्हणाल्या. "द्येवानं तिघांस्नी एका येळंला शानपन दिलं. चल, खाली जेवाय चल."

"असल्या चिखलात जेवान कुठलं, आक्का?"

"त्यो बघ धूर. चुली पेटवल्यात बायकांनी. झुनका-भाकरी हुईल. मला तुला पंगतीत बसवायचंय. सत्तावीस मानसं जेवताना तुज्या डोळ्यांनी बघ."

पीरमहंमदनं त्याला खांद्याचा आधार दिला. शेरडं पुढं, साळूबाई मागं, असे ते हळूहळू उतरले. उघड्या आभाळाखाली, ओल्या पोत्यांवर पंगत बसली होती. दिवस मावळायला अजून अवकाश होता. बनुबाईनं नाथाजीच्या पुढ्यात पहिली भाकरी ठेवली आणि तान्हं त्याच्या मांडीवर दिलं.

नाथाजीनं घास मोडला, पण तो हातातच राहिला. तो पंगतीवरून नजर फिरवत होता. शेवटल्या माणसापर्यंत जाऊन ती परत पहिल्यापासून सुरू होई.

"खा की," पीरमहंमद म्हणाला.

"खातो रं," नाथाजी म्हणाला. "जरा बघू दे."