तिसऱ्या खेपेची शिट्टी

"ही तपासणीची शिट्टी तोंडात धरून ओठ घट्ट मिटायचे आणि जोरात आत ओढायचं. फुंकायचं नाही. शिट्टी वाजली, तर हे छोटं यंत्र तुझं," सिस्टर म्हणाली.

चिमीने मान डोलावली. तिच्या मागे उभ्या असलेल्या कंडक्टरचा, म्हणजे तिच्या बापाचा, पाय सारखा हलत होता.

नऊ वर्षांची पोर दम्याने बेजार झाली होती. तिचा पंप एका जाड नळीला लावून ओढावा लागे. वर्गात त्या नळीला 'भोंगा' नाव पडलं, तेव्हापासून चिमी ती दप्तरातून गुपचूप काढून ठेवायची. मागच्या आठवड्यात शाळेच्या जिन्यातच तिचा श्वास कोंडला. तिला मुठीत मावणारं, भुकटीच्या औषधाचं यंत्र हवं होतं. पण ते ओढायला छातीत जोर हवा. नाहीतर औषध तोंडातच राहतं. तो जोर आहे की नाही, हे ही शिट्टी सांगणार होती.

पहिल्यांदा ओढलं. काही नाही. दुसऱ्यांदा मानेच्या शिरा ताठ झाल्या, तरी शिट्टी ढिम्म.

"शेवटची खेप हं," म्हणून सिस्टर दारातल्या गलका करणाऱ्यांना गप्प करायला वळली.

चिमीने जीव खाऊन ओढलं. कंडक्टरला ते बघवेना. बसची घंटा बिघडली की तो दातांतून शिट्टी मारून गाडी सोडायचा. वीस वर्षांची सवय. आत्ताही त्याच्या दातांतून ती बारीकशी वाजून गेली.

"वाजली!" चिमी ओरडली.

"शाब्बास गं माझी राणी!" सिस्टरने कागद लिहून दिला.

औषधांच्या खिडकीपुढे चार माणसं होती. चिमीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

"बाबा, आता भोंगा नको! आणि मी एकटीनं वाजवली!"

"हो गं."

"आईला मीच सांगणार. तू नाही सांगायचं."

रांग पुढे सरकली. कंडक्टर जागचा हलला नाही. त्याला शाळेचा जिना दिसत होता: पोर यंत्र ओढतेय, आणि औषध जिभेवरच. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिचं बोट धरून तो तडक माघारी फिरला.

"सिस्टर, ती शिट्टी मी मारली होती," तो म्हणाला. "चुकलं माझं."

सिस्टरने कागद परत घेतला आणि नळीच लिहून दिली. "सहा महिन्यांनी पुन्हा बघू हं," ती चिमीला म्हणाली.

चिमी बापाकडे बघत होती. "माझी एकदासुद्धा नाही वाजली?"

"नाही, बाळा."

ती रडली नाही. बाहेर आल्यावर खिडकीवर मिळालेली नळीची पिशवी तिने स्वतःच घेतली आणि भराभर पुढे चालू लागली. चढावर दम लागला तशी थांबली, भर रस्त्यात नळी काढून तोंडाला लावली. येणारेजाणारे वळून बघत होते. तो दोन पावलं मागे उभा राहिला. जवळ जायचा धीर त्याला झाला नाही.