ओके आणि चालेल

आमच्या घरात दोनच शब्दांना किंमत होती. ओके आणि चालेल. आमचे वडील, अण्णा, सिनेमे काढायचे. शॉट मनासारखा झाला की ते खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "ओके." मनासारखा झाला नाही, पण उजेड उतरायला लागला असला की म्हणायचे, "चालेल." चालेल म्हणजे खरं तर चालणार नाही, पण तुझ्याकडून याहून जास्त काही निघायचं नाही. हे लाइटवाल्यापासून सगळ्या युनिटला ठाऊक होतं. घरीही तोच कायदा. परीक्षेचा निकाल दाखवा, नवा कपडा दाखवा, नाहीतर होणारा नवरा आणून उभा करा, उत्तर त्या दोहोंपैकी एक.

थोरलीला ओके मिळायचं. धाकटीला चालेल. चालेल ऐकलं की धाकटी लगेच विचारायची, "अण्णा, अजून एक घेऊ?" तोवर अण्णा खुर्चीतून उठलेले असायचे. मी मधली. मला दोन्हींतलं काहीच मिळायचं नाही, कारण मी कॅमेऱ्यासमोर नव्हतेच. "हिचा चेहरा पडद्यावर पोचत नाही," असा निकाल त्यांनी मी शाळेत असतानाच देऊन टाकला आणि पुढे मला एडिटिंगच्या टेबलावर बसवलं. तिथे बसून मी माझ्या दोन बहिणी कापत आणि जोडत आले. त्यामुळे त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

दोघींचा तो गाजलेला सिनेमा म्हणजे दोन बहिणी, एक बाप आणि बापाच्या मायेसाठी चाललेली खेचाखेची. त्यातल्या जिन्यावरच्या भांडणाचं लोक अजून कौतुक करतात. काय अभिनय, म्हणे! कसला अभिनय आणि कसलं काय. शूटिंगच्या दिवशी सकाळी अण्णा थोरलीच्या कानात सांगायचे, "आज धाकटी तुझ्यापेक्षा उजवी दिसतेय हं." मग धाकटीला गाठून सांगायचे, "थोरली म्हणत होती, तुला दोन ओळी धड पाठ होत नाहीत." दोघी तापल्या की कॅमेरा सुरू. सीन झाला की अण्णा हात धुऊन जेवायला मोकळे. लावलेली आग विझवायची पण असते, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. सिनेमा पडला असता तर बरं झालं असतं. तो धो धो चालला, आणि भांडण हाच आपला धंदा अशी दोघींची समजूत झाली.

आता दोघींची साठी केव्हाच उलटली आहे. थोरली पांढरे केस मिरवते, कारण ते भारदस्त दिसतात असं तिला कुणीतरी सांगितलंय. धाकटी केस काळे करते, कारण थोरली पांढरे ठेवते. अण्णा अंथरुणाला खिळलेत आणि माझ्याकडे असतात, कारण थोरलीचं घर "फार लहान" आहे आणि धाकटीचं "फार लांब". लहान घरात पार्ट्या होतात आणि लांबच्या घरी पत्रकार बरोबर पोचतात, पण ते असो.

एका फिल्म सोसायटीने तो सिनेमा पुन्हा मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं. अण्णांना नेणं शक्य नव्हतं. मग सोसायटीवाल्यांनी सुचवलं की सिनेमाआधी दाखवायला घरीच एक छोटं शूटिंग करू. मध्ये अण्णा, दोन्ही बाजूंना त्यांच्या मुली. मुली म्हणजे कोणत्या, हे विचारायची वेळ माझ्यावर आली नाही.

ठरल्या दुपारी कॅमेरामन आला, आणि त्याच्यामागून दोघी नटूनथटून आल्या. आल्या आल्या ठिणगी पडली. दोघींचीही चेहऱ्याची डावी बाजू चांगली, म्हणजे दोघींनाही खिडकीकडचीच खुर्ची हवी. थोरलीने तिथे पर्स ठेवली.

"ताई, तिथे मी बसणार आहे," धाकटी म्हणाली.

"कुणी ठरवलं?"

"उजेडानेच. तुझ्या वयाला खिडकीचा उजेड बरा नाही गं. सगळं दिसतं."

"दिसू दे की. माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी आहे."

कॅमेरामन दोघींकडे आळीपाळीने बघत वायर गुंडाळत होता आणि पुन्हा सोडत होता. मध्ये पलंगावर अण्णा छताकडे बघत पडले होते. त्यांची विचारपूस करायचं दोघींनाही अजून सुचलं नव्हतं.

मी चहा टाकायला आत गेले, तशी धाकटी माझ्यामागे आली.

"अक्का, ते बोलतात का गं काही?"

"पाणी म्हणतात. नको म्हणतात. पुरे म्हणतात."

"आणि ओके?"

मला हसूच आलं. हिच्याकडे बक्षिसांनी भरलेलं कपाट आहे, आणि त्या कपाटाला वेगळा दिवा आहे.

"हसू नकोस," ती म्हणाली. "एकदा माझ्याकडे बघून म्हणाले ना, तर मी सुटले बघ. मग ताईला खुर्ची काय, अख्खी खोली देते."

खोटं रडण्याआधी धाकटी बारीक नाक ओढते. तो आवाज मी आयुष्यभर कापत आले. त्या वेळी तिने नाक ओढलं नाही, डोळे नुसतेच भरले. मला तिची कीव आली आणि लगेच रागही आला. बाईची नातवंडं कॉलेजात जातात, आणि ही अजून बापाच्या एका शब्दासाठी पदर पसरून उभी.

"खिडकीकडे त्यांचा डावा कान आहे," मी म्हणाले. "त्या कानाने त्यांना काही ऐकू येत नाही."

धाकटी तशीच बाहेर गेली आणि निमूटपणे दुसऱ्या खुर्चीत बसली. थोरली आधी जिंकल्यासारखी हसली. मग तिला संशय आला. पण तोवर कॅमेरा सुरू झाला होता, आणि कॅमेरा सुरू असताना थोरली कुणावर संशय घेत नाही.

पुढे जे झालं त्याला शूटिंग म्हणायचं की कुस्ती, तुम्हीच ठरवा. थोरली पाठ करून आलेलं बोलायला लागली, "अण्णांनी मला घडवलं." धाकटीने अण्णांचा हात हातात घेतला. थोरलीने दुसरा घेतला. धाकटी म्हणाली, "अण्णा, मी आलेय." थोरली म्हणाली, "अण्णा, मी इथेच आहे." थोरलीने हुंदका दिला. धाकटीने नाक ओढलं आणि त्याहून मोठा दिला. दोन्हीकडून हात ओढले गेल्यामुळे अण्णा खाली घसरले, मान उशीवरून सुटून वाकडी झाली. या दोघींना पत्ता नाही. बाप कुठे चाललाय ते बघायचं सोडून दोघी कॅमेऱ्याकडे डावा गाल वळवण्यात गुंतलेल्या.

मी धाकटीच्या मागे, फ्रेमबाहेर उभी होते. मला राहवलं नाही. हात पुढे घातला, मान उचलली, उशी सरकवून नीट केली आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, "अण्णा, उशी ठीक आहे?"

अण्णांनी डोळे उघडले. मान मागे रेलली. आणि पूर्वीच्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "ओके."

हुंदके तोडल्यासारखे थांबले.

"मला म्हणाले!" धाकटी ओरडली.

"तुला? शेवटचं वाक्य माझं होतं!" थोरली म्हणाली.

कॅमेरामनने चहासुद्धा घेतला नाही. सामान आवरून गेला बिचारा.

शूटिंग नीट कापून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घरचं माणूस, त्यातून फुकट. काही दिवसांनी दोघी ते बघायला आल्या. कॉम्प्युटरसमोर मी मध्ये आणि त्या दोन्हीकडे, एकमेकींकडे न बघता. पडद्यावर तेच चाललं होतं. हुंदके, हात, आणि कडेने आत येणारा एक उघडा हात, ना बांगडी ना नखाला रंग. तो उशी सरकवतो आणि निघून जातो. माझा प्रश्न दोघींच्या हुंदक्यांखाली पार बुडाला होता. अण्णांचं ओके मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.

"पुन्हा लाव," थोरली म्हणाली. मी पुन्हा लावलं.

"बघ, डोळे माझ्याकडे आहेत."

"डोळे वर आहेत, ताई. आणि हात माझ्या हातात आहे."

"एक हात माझ्याही हातात आहे."

शेवटी धाकटी माझ्याकडे वळली. "अक्का, तू तिथेच होतीस. खरं सांग. कुणाला म्हणाले?"

तिचा चेहरा त्या दुपारच्यासारखाच झाला होता. तुला, असं एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? ती सुटली असती, थोरली जळली असती, आणि मला दोन्हीचा आनंद झाला असता. तोंडापर्यंत आलं होतं. पण जन्मात एकदा हाताला लागलेली वस्तू अशी देऊन टाकवेना. दोघींना इतकी वर्षं नावं ठेवली, आणि मीही त्याच बापाची निघाले.

"मला," मी म्हणाले. "मी उशीचं विचारलं होतं."

दोघींनी पडद्यावरच्या उशीकडे पाहिलं. मग थोरलीला हसू फुटलं. तिचं बघून धाकटीला. "उशीला ओके!" धाकटी म्हणाली आणि हसता हसता माझ्या पाठीमागून हात लांबवून थोरलीचा दंड धरला. "अगं मधले," थोरली डोळे टिपत म्हणाली, "तुला गं कशाला म्हणतील ते?" दोघींना एका गोष्टीवर एकत्र हसताना मी लहानपणानंतर पहिल्यांदाच बघत होते. दोघींचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात. लाभ हा असा.

मग थोरली पुढे वाकली आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, "तो हात मात्र काढून टाक. सगळं लक्ष तिकडे जातं."

"हो ना," धाकटी म्हणाली. "कुणाचा हात आहे, कुणास ठाऊक, असं वाटतं."

मी दोघींकडे पाहिलं.

"चालेल," मी म्हणाले.

थोरलीला काही कळलं नाही. तिला तो शब्द कधी ऐकावाच लागला नव्हता. तिने पर्स उचलली आणि गाडी बघायला बाहेर गेली. धाकटी खुर्चीतच राहिली. ओठांवर हसू तसंच होतं, ते काढायचं तिला सुचलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, पूर्वी अण्णांकडे बघायची तशी, आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

"अजून एक घेऊ?"

मी कॉम्प्युटर बंद केला आणि उठले. अण्णांच्या पाण्याची वेळ झाली होती.