सही निपाणीत, शिक्का बेळगावात

मी फाईल बोलतेय. निळी, प्लॅस्टिकची, एका बटणाची. कॉम्प्युटरातली नव्हे. मला पाठ आहे, पोट आहे आणि मध्यंतरी दोन महिने पोटदुखीही होती. वेळ असेल तर बसा. नसला तरी बसा. मी ज्या ज्या दारात गेले तिथं मला 'बसा' एवढंच ऐकवलं गेलं, आता मीही कुणाला तरी ऐकवणार.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते धड आठवत नाही. गरम पत्रा, एक दणका आणि माझ्यासारख्याच शंभर बहिणींचा गठ्ठा, एवढंच ध्यानात आहे. पुढं शहापुरातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात बरेच दिवस धूळ खात पडले. तिथून मला सिद्रामआप्पा घेऊन गेले. वडगावच्या विणकर गल्लीत त्यांचे दोन माग आहेत. साडीच्या काठाची नक्षी ते चौकटीच्या कागदावर काढायचे आणि ते कागद माझ्यात ठेवायचे. सुखाचे दिवस होते ते. दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा, पण मला कुणी हात लावायचं नाही. पुढं नक्षी मोबाईलवर यायला लागली आणि मी खुंटीवर लटकले. सुताची लव बसून निळीची पांढरी झाले.

मला खाली काढलं ते रक्षानं. सिद्रामआप्पा आणि जयवंताआक्कांची ही एकुलती एक लेक. बेळगावातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, आवडीचा विषय संख्याशास्त्र. कॉलेजातून आली की वही घेऊन मागाशेजारी बसायची आणि धागा तुटला की वेळ लिहून ठेवायची. पंधरा दिवसांनी म्हणाली, "आप्पा, दुसऱ्या मागाचा धागा दुपारी दोन ते चार लई तुटतोय. पत्रा तापतोय, हवा सुकती. खाली पाणी शिंपडा."

आप्पांनी शिंपडलं. तुटणं निम्म्यावर आलं. त्या संध्याकाळी आप्पांनी गल्लीतल्या तीन जणांना थांबवून ही गोष्ट सांगितली, त्यातल्या एकाला दोनदा.

पण दुसऱ्या वर्षाला या विषयाला चारच मुलं उरली आणि कॉलेजनं विषयच बंद करायचं ठरवलं. दुसरा कुठलाही घ्या म्हणाले. जणू दुकानात वांगी नाहीत तर भोपळा घ्या! रक्षा दोन दिवस नीट जेवली नाही. मग तिनं शोधून काढलं की पुण्याच्या एका मोठ्या विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाला बाहेरची मुलं घेतात. जागा पाच. अर्ज येतात चारशेच्या वर. तिथं लागलं तर संख्याशास्त्र, नाहीतर आयुष्यभर भोपळा. एवढी सरळ गोष्ट होती ती.

सरळ गोष्ट वाकडी कशी करायची हे मात्र कार्यालयांकडून शिकावं.

यादी सतरा कागदांची होती. गुणपत्रिका, ना हरकत दाखला, वर्तणुकीचा दाखला, ग्रंथालयाचं येणं नसल्याचा दाखला, प्रयोगशाळेत काही फोडलं नसल्याचा दाखला. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम, बासष्ट पानं, पानापानावर कॉलेजचा शिक्का. मुलगी अभ्यास करते की नाही ते विचारणारा कागद मात्र त्यात एकही नव्हता.

रहिवासी दाखला मिळाला तो कन्नडमध्ये. पुण्याला तो मराठीत नाहीतर इंग्रजीत हवा. म्हणजे आलं भाषांतर, भाषांतरावर वकिलांची सही, सहीवर शिक्का. हरिभाऊ वकिलांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"कशाला लागतंय हे?"

"पुण्याला शिकायला जायाचं हाय, काका."

"मग पुण्याला कन्नड येत न्हाय व्हय?" असं म्हणून ते आपल्याच विनोदावर पोटभर हसले आणि उद्या यायला सांगितलं. उद्या म्हणजे त्यांच्याकडं चार दिवस असतात, हे आम्हाला पाचव्या दिवशी कळलं.

कॉलेजच्या कार्यालयात मष्णूआण्णा बसतात. माणूस वाईट नाही, पण खिडकीच्या पलीकडं बसलं की कुणाचंही काय होतं कोण जाणे. पहिल्या खेपेला शिक्का होता, शाई नव्हती. दुसऱ्या खेपेला शाई होती, मष्णूआण्णा नव्हते. तिसऱ्या खेपेला दोन्ही होते, तर ना हरकत दाखल्यावर सही करायला प्राचार्य नव्हते.

"सर निपाणीला गेल्यात गं," मष्णूआण्णा म्हणाले. "लेकीकडं. नातवाचं बारसं हाय. सोमवारी ये."

"आण्णा, सोमवारी खंडेनवमी. कॉलेजला सुट्टी. आणि शेवटची तारीख बी सोमवारच हाय."

"मग लौकर यायचं न्हाय व्हय?"

ऐकलंत? महिनाभर जिनं त्या खिडकीचे गज मोजले तिला हा प्रश्न. माझं बटण तिथल्या तिथं तुटायचं राहिलं.

रक्षानं मला छातीशी धरलं आणि थेट निपाणीची बस पकडली. खिडकीशी जागा मिळाली नाही, संकेश्वरापर्यंत मी तिच्या आणि एका टोपलीच्या मध्ये चेंगरून उभी. निपाणीत तंबाखूच्या वखारीवरून जाताना तिला चार शिंका आल्या, त्या चारही माझ्यावर. बारशाचं घर सापडलं. प्राचार्य सर पाळण्याशी बसले होते. एका हातात पाळण्याची दोरी, दुसऱ्या हातात धरून त्यांनी दाखला वाचला आणि काही न विचारता सही केली. वर एक घुगऱ्यांची पुडीही दिली. मला वाटलं, देव पावला.

मग सर म्हणाले, "आता ह्याच्यावर गोल शिक्का मारून घे हं. तो बेळगावात, माझ्या कपाटात हाय. त्याच्याबिगर ही सही चालायची न्हाय."

सही निपाणीत, शिक्का बेळगावात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

परत आलो. दुसरा दिवस शनिवार. आणि इथं मला एक कबूल केलं पाहिजे, नाहीतर पाप लागेल. मष्णूआण्णांनी सरांना फोन लावून कपाटाची किल्ली कुठं आहे ते विचारून घेतलं आणि सगळी मंडळी घरी गेल्यावरही बसून राहिले. दाखल्यावर शिक्का मारला, मग अभ्यासक्रमाच्या बासष्टच्या बासष्ट पानांवर मारला. शेवटी अंगठा चोळत म्हणाले, "माझ्या पोरीनं असल्याच कागदापायी शिक्षण सोडलं तवा मी एवढा शिक्का मारला असता तर बरं झालं असतं." त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल जरा कमी बोलते.

सोमवार उजाडला. खंडेनवमी. गल्लीतले सगळे माग बंद. विणकराच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आडवा धागा नेणारे धोटे, फण्या, कात्र्या, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची. एकदा पूजेला लावलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी उचलायचं नाही. नियम म्हणजे नियम.

अर्ज संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा होता. सणाचं नेट सेंटर उघडं आहे का ते बघायला रक्षा सकाळी बाहेर गेली. आणि इकडं जयवंताआक्कांनी मोठ्या कौतुकानं लेकीची पुस्तकं पूजेला मांडली. पुस्तकांवर ठेवली मी! पोटात सतरा कागद, कपाळाला कुंकू, डोक्यावर झेंडू. ओरडावंसं वाटलं. ओरडता आलं असतं तर फाईल कशाला झाले असते?

रक्षा परत आली आणि दारातच थबकली.

"आई, फाईल का ठेवलीस गं?"

"तुझं हत्यार न्हवं का ते? दरसाल पुस्तकं ठेवतोय की." आक्कांचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला.

रक्षानं हात पुढं केला. सिद्रामआप्पा म्हणाले, "उचलू नगं."

त्यांना हट्टी म्हणू नका. तीन वर्षांपूर्वी एका लग्नघरच्या साड्या वेळेत द्यायच्या म्हणून त्यांनी नवमीला पूजेतला धोटा उचलून माग चालवला होता. तासाभरात मोटारीच्या पट्ट्यात बोट सापडलं. उजव्या हाताच्या करंगळीचं पेर गेलं ते गेलंच. तेव्हापासून नवमीला ते सुईलाही हात लावत नाहीत.

"आप्पा, आज न्हाय गेलं तर परत न्हाय."

"माझं बोट गेलं, रक्षा. तुझं काय जाईल ह्याचा नेम न्हाय."

ती पूजेसमोर खाली बसली. भांडली नाही, रडली नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर आप्पांना सोपं गेलं असतं. एक वाजला. दोन वाजले. पुरणपोळ्या ताटांत तशाच राहिल्या. अडीचला आप्पा उठले, पुन्हा आंघोळ करून आले, कापूर लावला आणि उत्तरपूजेच्या अक्षता हातात घेतल्या.

"अहो, उद्या करायची असती ती," आक्का म्हणाल्या.

"ठावं हाय. तिची एकटीची पूजा मोडायची न्हाय. मोडायची तर समद्यांची. दोष लागला तर मागाला लागू दे."

त्यांनी आधी पहिल्या मागाचा धोटा उचलला. मग दुसऱ्याचा. मग फण्या, कात्र्या, एकेक करून सगळं. सगळ्यात शेवटी मला. माझ्या कपाळाचं कुंकू त्यांनी अंगठ्यानं पुसलं आणि मला रक्षाच्या हातात दिलं.

मग सुरू झाली नेट सेंटरची तऱ्हा. बासष्ट पानं म्हणे दोनशे केबीत बसवा. हत्ती काडेपेटीत बसवा म्हणण्यासारखंच. सेंटर चालवणारे परशरामआण्णा सणाचे कपडे घालून घामाघूम झाले. फोटो मोठा, सही लहान, मध्येच वेबसाईट बंद. शेवटी चार बावन्नला अर्ज गेला आणि पडद्यावर नंबर आला. रक्षानं तो तीन ठिकाणी लिहून घेतला.

आणि साडेपाचला विद्यापीठाची सूचना आली, 'विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी अर्जाची मुदत आठ दिवसांनी वाढवण्यात येत आहे.'

सोयीसाठी! हा शब्द ज्यानं शोधून काढला त्याला माझ्या पोटात घालून निपाणीच्या बसमध्ये उभं करा.

रक्षानं घरी येऊन खाली मान घालून ते सांगितलं. आप्पांनी धोट्यावरचं कुंकू पुसून काढलं. मग म्हणाले, "असू दे." दुसऱ्या दिवशी माग सुरू करताना त्यांनी दोनदा हात पुढं केला आणि दोनदा मागं घेतला. तिसऱ्यांदा चालू केला. काही झालं नाही. पण आठवडाभर जयवंताआक्का मागाजवळून हलल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी यादी लागली. पाचांत चौथं नाव रक्षाचं. आक्कांनी आधी साखर वाटली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन एकट्याच रडल्या.

प्रवेश घ्यायला पुण्याला आम्ही तिघं गेलो, आप्पा, रक्षा आणि मी. कागद तपासणाऱ्या बाईंनी मान वर न करता एकेक कागद काढून घेतला. सतरा झाले. मग त्यांनी अठरावा पुढं सरकवला. पालकाचं संमतीपत्र. 'माझ्या पाल्यानं इथं शिक्षण घेण्यास माझी हरकत नाही.'

आप्पांनी तो कागद दोनदा वाचला. मला तेव्हा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. प्राचार्यांची हरकत नव्हती, ग्रंथालयाची नव्हती, प्रयोगशाळेची नव्हती. त्यांचं काय जात होतं? तिच्या जाण्यानं ज्यांचं घर रिकामं होणार, त्यांना सगळ्यात शेवटी विचारलं, तेही छापील कागदावर. रक्षा तेव्हा पलीकडच्या खिडकीशी ओळखपत्राचा फोटो काढून घेत होती. आप्पांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून.

मग म्हणाले, "बाई, एक इचारू काय? परत न्यायचं झालं, तर कुठला अर्ज करायचा?"

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "कुणाला, काका?"

आप्पांनी पलीकडच्या खिडकीकडं बोट दाखवलं. बाईंनी तिकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तसा अर्ज नसतो हो."

सगळे कागद विद्यापीठानं ठेवून घेतले. मी रिकामी, आप्पांच्या काखेत, बेळगावला परत आले. आता कपाटात पडून असते. आप्पा मधूनच मला बाहेर काढतात, बटण उघडून आत बघतात आणि पुन्हा ठेवून देतात. आत काही नाही हे त्यांना माहीत असतं.

तर खिडकीपलीकडच्या मंडळींनो, तुमच्याकडं नमुन्यांची काय कमी? फोडलं नसल्याचा नमुना आहे, येणं नसल्याचा आहे, हरकत नसल्याचा तर ढिगानं आहे. आप्पांनी विचारलेला तेवढा एक छापा. सतरा कागद मागा, बासष्ट शिक्के मागा, सहीसाठी निपाणीला पाठवा. या वेळी मी चकार शब्द काढणार नाही.