ओळीत मांडलेला लॅपटॉप

"आत्याबाई, माहा लॅपटॉप कुठी ठेवला हो?"

"मी काऊन ठेवू? तुह्या मामाजीले इचार," कणीक मळता मळता सासूबाई, शालूबाई, म्हणाल्या.

सुचिता ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ओसरीवर आली आणि जागीच थांबली. आज खंडेनवमी. तिच्या सासऱ्यांनी, उत्तमरावांनी, पहाटेच घरातलं एकूण एक अवजार हौदावर नेऊन धुतलं होतं. वखराची पास, कुदळ, फावडं, खुरपी, फवारणीचा पंप, तिच्या नवऱ्याचे, गोपालचे, नटबोल्टचे पाने, सगळं ओळीनं मांडून झालं होतं. ओळीच्या शेवटी, खुरप्यांना लागून, तिचा लॅपटॉप होता. उघडा, चकचकीत आणि ओलाचिंब. बटणांच्या फटींत पाणी साचलं होतं आणि पडद्याच्या कडेला, बटणांवर हळदकुंकवाची बोटं उमटली होती.

"मामाजी... धुतला तुम्ही?"

"मंग! लय धूळ व्हती त्याच्यात. पंपाच्या ब्रशानं घासला, वरून दोन तांबे पाणी मारलं." तिचा चेहरा पाहून उत्तमराव हसले. "भेऊ नको वं. हिरीतली मोटर बारा महिने पाण्यातच राह्यते. तिले काही झालं का आजलोक?"

ते इतक्या विश्वासानं बोलले, की क्षणभर सुचितालाच ते खरं वाटलं.

सुचिता मेहकरची. लग्न होऊन दुसरबीडला आली तेव्हा पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोबत घेऊन आली. दिवसभर खिडकीशी बसून प्रोग्रॅम लिहायचे, दुसऱ्यांचे लिहिलेले दुरुस्त करायचे. गावाला हे काम दिसायचं कसं? "उत्तमरावच्या सुनेचं बरं हाये, बसून असते," असं बाया म्हणत. शालूबाई तिची बाजू घेत, पण ती "टायपिंग करते ते" एवढीच. सुचिताला त्याचं हसू यायचं. आपलं काम आणि घरकाम एकाच जातीचं, असं तिला वाटे. केलं तर कुणाला दिसत नाही, आणि नाही केलं की सगळ्या जगाला दिसतं!

या घराची एक रीत होती. नवमीला अवजारं पूजेत बसली की त्यांना कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी उत्तमराव एकेक अवजार उचलणार आणि ज्याचं त्याच्या हातात देणार. गोपालला पाने, शालूबाईंना खुरपं. सुचिताच्या हातात दरवर्षी उलथणं यायचं. तीही सगळ्यांबरोबर हसायची, पण ते मनाला लागायचं.

आत्ता मात्र तिचं डोकं भराभर चाललं होतं. उचलून उपडा केला, खालचं झाकण काढून बॅटरी सोडवली, तर वाचेलही; नाहीतर आतलं सगळंच जाणार. कंपनीच्या कामाची चिंता नव्हती. ते पुण्याच्या सर्व्हरवर रोजच्या रोज जात होतं. शालूबाई विरजणाची एक वाटी शेजारी देऊन ठेवतात, घरचं दही नासलं तर तिकडून आणता यावं म्हणून. तशीच ती सोय. पण सुचिताचा स्वतःचा एक प्रोग्रॅम त्याच्यात होता. मिरचीच्या पानाचा फोटो दाखवला की कोणता रोग पडलाय ते सांगणारा. दोन हंगाम उत्तमरावांच्याच मिरचीत फिरून तिनं पानांचे फोटो काढले होते. दुपारच्या रिकाम्या वेळात थोडं थोडं लिहिलं होतं, गोपालशिवाय कुणाला न सांगता. त्याची किंवा फोटोंची दुसरी प्रत कुठेच नव्हती, फोनमध्येही नाही. पुरं झालं की ठेवू, असं म्हणत राहून गेलं होतं. आणि कंपनीत "प्रत ठेवा, प्रत ठेवा" म्हणून सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडणारी हीच बाई! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ती वाकली, हात पुढे केला.

"आं आं, हात नको लावू!" शालूबाई दारातून ओरडल्या. "पूजेत बसला तो. आता उद्या सकाळीच."

"आत्याबाई, पण त्याच्यात पाणी..."

"सुचिता," उत्तमराव मध्येच बोलले. हातातल्या झेंडूच्या माळेकडे पाहत, जरा अवघडून. "यंदा उलथणं नाही देत तुले. म्या रोज पाह्यतो ना. वावरातून येतो तं तू त्याच्याच समोर. जेवाले बोलावलं तं ताट थंडं होते. ज्याच्यानं माणूस राबते, ते अवजार. इतके वर्स माह्या ध्यानात नाही आलं, हे माहं चुकलं."

सुचितानं हात मागे घेतला. तिला रडू आलं, आणि ते कशाचं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मिरचीची पानं गेली म्हणून आलं होतं, आणि आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला होता म्हणूनही आलं होतं.

"लय चांगला निंगाला धुवून, मामाजी," ती म्हणाली.

घरात जाऊन तिनं पुण्याला मंजुश्रीला, तिच्या वरिष्ठ बाईंना, फोन केला. "मॅडम, आज मला सुट्टी हवी. आमच्याकडे आज अवजारांना विश्रांती असते." मंजुश्री हसली आणि काम दुसऱ्याकडे दिलं.

दुपारी गोपाल आला. ओसरीवर नजर टाकली आणि त्याच्या लगेच लक्षात आलं. "अवं, हा तं गेला! बाबाले सांगतो, आता उनात ठेवला तं..."

"खबरदार! एक शब्द बोलशीन तं."

"अन् तुही मिरची?"

"पुन्हा लिहीन," ती म्हणाली. दुसऱ्यांदा लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्यापेक्षा बरा होतो, असं मंजुश्री म्हणायची. असेलही. पण गेल्या हंगामातली पानं पुन्हा झाडाला लागणार नव्हती. दिवसभर ती ओसरीवरून ये-जा करत राहिली आणि ओळीकडे बघायचं टाळत राहिली.

दसऱ्याची सकाळ झाली. उत्तमरावांनी गोपालला पाने दिले, शालूबाईंना खुरपं दिलं. मग दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला. "ये पोरी. घे तुहं अवजार." सुचितानं पदर सावरून त्यांना नमस्कार केला आणि लॅपटॉप घेतला. तो अजून आतून ओलसर होता.

ती खिडकीशी जाऊन बसली. बटण दाबलं. काही झालं नाही. पडदा काळा होता आणि त्यात तिचाच चेहरा दिसत होता. बाहेर उत्तमराव खांद्यावर कुदळ घेऊन उभे होते. निघत नव्हते. कान खिडकीकडे होता.

सुचितानं बटणांवर बोटं ठेवली आणि टाइप करायला लागली. मिरचीच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ, मग दुसरी, आठवेल तशी.

"लागली वं कामाले," उत्तमराव शालूबाईंना म्हणाले आणि वावराकडे निघाले.

ते वळणाआड गेले तरी सुचिता थांबली नाही. तिच्या बोटांना ओली हळद लागत होती.