अकरा बाळांच्या झोपेचा साक्षीदार

मी एक जुना लाकडी पाळणा आहे. जुना म्हटलं म्हणून हसू नका, मित्रांनो. माझा एकही सांधा अजून कुरकुरत नाही आणि माझ्या कुशीत अकरा बाळं झोपून मोठी झाली आहेत.

मला सुतारबाबांनी घडवले, त्यांना पहिली मुलगी झाली तेव्हा. दिवसभर लोकांची कपाटे आणि दारे करून आले, की ते माझ्या कडा घासत बसत. मग लाकडावर स्वतःचाच गाल फिरवून पाहत. "माझ्या लेकीला टोचलं तर?" असे म्हणत पुन्हा घासत. त्या लेकीनंतर तिची भावंडे आली, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची बाळे. "या पाळण्याचा गुणच आहे!" असे लोक म्हणत आणि मी फुलून जाई.

पुढे घरात लहान मूल उरले नाही. मला माळ्यावर चढवले. पंधरा वर्षे मी फाटक्या बॅगा आणि मोडक्या पंख्याच्या शेजारी धूळ खात पडून होतो. माझी कुणाला आठवणही नव्हती.

मग एके दिवशी बाबांनी मला खाली उतरवले. त्यांच्या त्याच लेकीला मुलगी झाली होती, चिमी! बाबांनी मला पुसले, प्रत्येक स्क्रू घट्ट केला आणि लेकीच्या घरी पोचवले. शेजारणींनी माझ्यात मऊ उशा, कापसाचे ससे, झालरीची दुलई असे काय काय भरले. मी नुसता मिरवत होतो.

ही लेक घड्याळे दुरुस्त करायची. केसाएवढा काटाही तिच्या हातून कधी वाकला नाही. पण बारा दिवसांच्या चिमीपुढे तिने हात टेकले. चिमी दिवसा ढाराढूर झोपे आणि रात्री टक्क जागी. मध्येच तोंड वेडेवाकडे करी, हुंकारे, हातपाय झाडी. आई लगेच तिला उचले, की चिमी खरोखर उठून भोकाड पसरे.

"घड्याळ बिघडलं तर उघडून बघते," ती नवऱ्याला म्हणाली, "हिला कुठून उघडू?"

नवरा बस चालवायचा. एका दुपारी तो घरी आला, तर त्याची बायको खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली आणि तिच्या मांडीवरची चिमी खाली घसरू लागलेली. मी हे सगळे पाहत होतो, पण मला ओरडता कुठे येते? त्याने पिशवी टाकून झेप घेतली आणि लेकीला वरच्यावर झेलले. आई दचकून जागी झाली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. "मला जमतच नाही रे!"

दुसऱ्या दिवशी तो आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना घेऊन आला. सिस्टरांनी चिमीचे वजन केले. ते छान वाढत होते. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि उशा, ससे, दुलई सगळे भराभर बाहेर काढले. मला फार राग आला. माझा थाटच गेला!

"बाळाच्या तोंडावर यातलं काहीही येऊ शकतं," त्या म्हणाल्या. "सपाट, घट्ट गादी आणि बाळ पाठीवर. बस्स."

चिमी तशी झोपली. थोड्या वेळाने तिने कपाळाला आठ्या घातल्या, हुंकारली. आईचा हात पुढे आला.

"थांबा. डोळे मिटलेले आहेत. ती झोपेतच कुरकुरतेय."

आई श्वास रोखून उभी राहिली. चिमी ओठ हलवून पुन्हा शांत झाली.

"म्हणजे इतके दिवस मीच उठवत होते तिला?"

"सगळ्याच नव्या आया उठवतात," सिस्टर हसल्या. "बाळं दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतात, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट इवलंसं, म्हणून दुधासाठी उठायचंच. दिवस-रात्र कळायला तिला काही आठवडे लागतील. दिवसा पडदे उघडे ठेवा, रात्री मंद दिवा. आणि ती झोपली की तुम्हीही झोपा. भांडी घासायला नवरा आहे की!"

"आहे, आहे," नवरा म्हणाला आणि बाह्या सरसावून कामाला लागला.

त्या दुपारी आई माझ्याशेजारी अंग टाकून दोन तास गाढ झोपली. चिमी कितीतरी वेळा हुंकारली, पण उठली नाही. माझ्यात ना झालर, ना ससा. तरी त्या दोन तासांइतका अभिमान मला आजवर कधीच वाटला नव्हता.

चिमी आता धावते. मी पुन्हा रिकामा आहे, पण या वेळी माझ्यावर स्वच्छ चादर घातली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आले तर पाळण्याचे स्क्रू तपासा, त्यात गादी आणि बाळाखेरीज काही ठेवू नका. आणि बाळ झोपले, की त्याच्या आईलाही कुणी उठवू नका.