वरची ओळ

रीनाने लॅपटॉप अनुपच्या मांडीवर ठेवला आणि घसरू नये म्हणून खाली उशी सरकवली.

"दादा, हे पाहा बरं."

स्क्रीनवर धानाचं लोंब झुकलं होतं. दाण्यांच्या जागी कंस, आकडे, स्वल्पविराम. कॉलेजात असताना अनुपने हा प्रोग्राम मुद्दाम असा गिचमिड लिहिला होता, भल्याभल्यांना उलगडू नये म्हणून. चालवला की तो दुसरं काहीच करायचा नाही, स्वतःचाच मजकूर जसाच्या तसा खाली छापायचा. एवढी उठाठेव कायले, असं रीना विचारायची आणि तो खो खो हसायचा.

तुमसरच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली, त्याला सात महिने झाले होते. डोक्याची जखम भरली. पण आईला, बायजाबाईला, तो परकी समजून 'बाई' म्हणे आणि रीनाला काहीच म्हणत नसे. ओळखीचं काही दाखवत जा, असं डॉक्टर म्हणाले होते. फोटो झाले, बॅट झाली, तो कामाला होता त्या चिखल्याच्या खाणीवर नेऊन आणलं. आता हा शेवटचा पत्ता. म्हणून तिने प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ घातली होती: 'लिहिणारा – अनुप'. असा शेरा संगणक सोडून देतो, त्याने प्रोग्राम बिघडत नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

तिने बटण दाबलं. खाली दुसरं लोंब उमटलं.

अनुप पुढे झुकला. नजर वरून खाली, पुन्हा वर गेली. सात महिन्यांत त्याने कशाकडेच असं पाहिलं नव्हतं.

"फरक हाये," तो म्हणाला.

"कुठं, दादा?"

त्याने बोट वरच्या ओळीवर टेकवलं. "हे खाली नाही आलं. हे यातलं नोहे."

"ते नाव हाये. वाच ना."

त्याने अक्षरं लावून मोठ्याने वाचलं. मग ती ओळ एकेक अक्षर करत पुसली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. वरचं लोंब, खालचं लोंब. तंतोतंत.

अनुप खो खो हसला. अगदी तेच हसू. बायजाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"ओळखलं का वं त्यानं?"



"कोनं लिहिलं हे?" अनुप रीनाला विचारत होता. "बहूत डोक्याचा मानूस दिसते. मले भेटव ना त्याले."

रीनाने लॅपटॉपखालची उशी सरळ केली.

"येतो म्हणते तो," ती म्हणाली.