न पुजलेला पाना

ज्या वर्षी चांदे गावच्या वाल्मीकला सायली ही लेक झाली, त्या वर्षी पौडच्या लोहाराने मला घडवले. मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. तोंड चौकोनी, दांडा आखूड. वाल्मीकच्या जुन्या मोटारीचे ड्रम ब्रेक नीट करणे, एवढेच माझे काम. चाक उचलायचे, त्यामागचे चौकोनी टोक मला लावून आवळायचे आणि चाक जाम झाले की दोन खटके मागे सोडायचे. खंडेनवमीला हळदकुंकू पहिले मला लागे.

सायली हिंजवडीत नोकरीला लागली आणि तिने लाल पेटीतून चकचकीत पाने आणले. मी गोणपाटाखाली गेलो. जळून खाक झालो म्हणा ना. ते नवे पाने घसरावेत, असे रोज मनात येई.

गेल्या खंडेनवमीला सायलीने सकाळी नव्या पान्याने पुढचे डावे चाक आवळले. उजवे राहिले, कारण पूजेची वेळ झाली. लाल पेटी पाटावर बसली. झेंडूचा वास गोणपाटाखाली आला, तोही मला सोसेना.

दुपारी फोन आला. वाल्मीकच्या बायकोची, सारजाबाईंची, धाकटी बहीण तुळजाबाई ताम्हिणीकडे अखेरचे श्वास घेत होती, ताईला बघायचे म्हणत होती. सणाला कॅबवाला तिकडे येईना. वाल्मीकने मोटार काढली, तर ब्रेक दाबताच ती डावीकडे ओढू लागली. अशी गाडी घाटात न्यायची कशी?

सायलीने पेटीला हात घातला.

"पुजलेल्या हत्याराला आज शिवायचं न्हाई," सारजाबाई म्हणाल्या.

"आई, मावशी वाट बघतेय."

"म्हणूनच. आज इपरीत नको."

"गोणपाटाखाली एक हाय," वाल्मीक म्हणाला. "त्येला कुणी पुजलंच न्हाई."

"तो गंजका?"

"गंजलाय, पर मोडला न्हाई."

"तुमच्यावानीच," सारजाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

उजव्या चाकाला लावताच पहिल्या हिसक्याला मीच घसरलो. वाल्मीकची बोटे सोलली. त्याने मला तेल चोळले आणि पुन्हा लावले. या वेळी मी धरून राहिलो. चाक जाम झाले. दोन खटके मागे. त्याने चाक फिरवून कान लावला आणि मान हलवली. मोटार सरळ थांबू लागली.

आता मी लाल पेटीतच असतो. शेजारचे अजून चकाकतात आणि मी अजून जळतो, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, अडगळीतल्या हत्याराला वर्षातून एकदा तरी तेलाचे बोट लावत जा. गंज चढला की ते वापरणाऱ्याचाच हात सोलते.

दोघी बहिणींची दिवस मावळायच्या आत भेट झाली. तुळजाबाई दसऱ्याला सकाळी वारल्या.